छापील किमतीच्या पोटातला कर : तुमच्या घरातला, धंद्यातला हिशेब सांगा

हिशेबवही (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ९.४०

आमच्या जुळे सोलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाक्य अधूनमधून फिरत येतंच : "या देशात टॅक्स भरतो फक्त नोकरदार, बाकी सगळे फुकटे." खाली लगेच अंगठ्यांची रांग. गंमत अशी की २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स पडत नाही. म्हणजे अंगठा देणाऱ्यांतले निम्मे तरी त्यातून सुटले असतील. असू द्या, सुटलेल्यांचा हेवा नाही. मला बोलायचंय त्या दुसऱ्या कराबद्दल, ज्यातून कुणीच सुटत नाही आणि ज्याची पावती हातात पडत नाही.

मोबाईलचं रिचार्ज घ्या. २९९ रुपये. त्यात १८ टक्के जीएसटी आधीच धरलेला आहे. २९९ ला १.१८ ने भागा, येतात २५३.३९. उरलेले ४५ रुपये ६१ पैसे कर. कुंभारीच्या रे नगरातली विडी वळणारी बाई तेवढाच भरते आणि होटगी रोडवरच्या बंगल्यातले डॉक्टरसाहेबही तेवढाच. तिची कमाई किती आणि त्यांची किती, हे त्या ४५ रुपयांना माहीत नसतं. तिने जन्मात रिटर्न भरलेलं नाही, म्हणून ग्रुपवर ती 'फुकटी'.

आता पेट्रोल. हे जीएसटीत नाहीच, त्यामुळे पंपाच्या पावतीवर कराची ओळही नसते. २०२५ च्या अखेरचा हिशेब मांडतो. तेव्हा भाव १०४ च्या घरात होता, १०४ च धरू आणि उलटे जाऊ. महाराष्ट्रात व्हॅट (राज्याचा विक्रीकर) २५ टक्के, वर लिटरमागे ठोक ५ रुपये १२ पैसे. १०४ मधून ५.१२ गेले, राहिले ९८.८८. त्याला १.२५ ने भागलं की ७९.१०. म्हणजे व्हॅट १९.७८, अधिक ५.१२, राज्याचे झाले २४.९०. त्या ७९.१० च्या आत केंद्राची एक्साइज, म्हणजे उत्पादन शुल्क, २१.९० बसलेली होती (एप्रिल २०२५ मध्ये दोन रुपयांनी वाढवली, पंपावरचा भाव हलला नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही). बेरीज ४६.८०. तेल, वाहतूक, पंपवाल्याचं कमिशन सगळं मिळून ५७ रुपये.

वहीत लाल शाईने लिहावी अशी गोष्ट पुढेच आहे. राज्याचा २५ टक्के व्हॅट केंद्राच्या २१.९० वरही लागतो. म्हणजे लिटरमागे ५ रुपये ४७ पैसे हा निव्वळ करावरचा कर. आणि त्या २१.९० मध्ये मूळ एक्साइज फक्त १.४०, जिच्यातला वाटा राज्यांना द्यावा लागतो. बाकी विशेष अतिरिक्त शुल्क १३, रस्ते-पायाभूत सेस (उपकर) ५, शेती-विकास सेस २.५०. या तिन्हींत राज्यांचा हिस्सा नाही. राज्याचंही वेगळं नाही. २०१५ ला दुष्काळ म्हणून महाराष्ट्राने लिटरमागे दोन रुपये अधिभार लावला. पुढे चांगले पावसाळे झाले, २०२५ ला तर सीना नदीला महापूर आला, पण लिटरमागचा ठोक आकार या ना त्या आकड्यात चालूच आहे.

"माझ्याकडे गाडी नाही" म्हणणाऱ्यालाही हे चुकत नाही. मार्केट यार्डातून कांदा हलतो तो डिझेलवर.

मी चाटी गल्लीत आणि नंतर नवी पेठेत दुसऱ्यांच्या वह्या लिहिण्यात आयुष्य घातलं, त्यावरून एवढं सांगतो. व्यापारी आधी भरलेला जीएसटी वजा करून घेतो, त्याला क्रेडिट मिळतं. साखळीच्या टोकाला उभ्या गिऱ्हाइकाला मिळत नाही, हे सगळ्यांना कळतं. पण साखळीत मध्येच जो नोंदणीकृत नाही, किंवा ज्याचा माल करमुक्त आहे, त्यालाही ते मिळत नाही. मग त्याने भरलेला कर निमूटपणे भावात जातो आणि बिलावर 'शून्य टक्के' दिसतं. अशा ठिकाणांबद्दल ऐकायचंय. ज्याच्या त्याच्या धंद्यातलं लिहा.

कट_चहा | शनिवार, रात्री १०.१५

काय बे मालक, बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलाव. पार्क चौकात माझा गाडा हाय. वीस लाखाच्या आत उलाढाल, नोंदणी नाय, बिल नाय, मला कोण जीएसटी मागत नाय आन् मी बी गिऱ्हाइकाकडं मागत नाय. लोकांला वाटतं हा सुटला.

आता बगा. निळा सिलेंडर. घरच्या लाल टाकीवर जीएसटी ५ टक्के, माझ्या धंद्याच्या टाकीवर १८. चहा पावडर ५ टक्के. साखर ५ टक्के. एक दूधच तेवढं बिनटॅक्सचं. यातलं मला काय बी परत मिळत नाय, नोंदणीच नाय तर कुठनं मिळल. मग दहाचा कट बाराला केला तर गिऱ्हाईक म्हणतंय अण्णा लई महाग करलालाव. आरं मी काय करलालोय, सिलेंडर करलालाय!

हिशेबवही | शनिवार, रात्री १०.२८

अण्णा, तुमच्या शेजारच्या हॉटेलाचीही तीच गत. साध्या हॉटेलात बिलावर ५ टक्के दिसतात, पण तो ५ टक्क्यांचा दर 'क्रेडिट मिळणार नाही' या अटीवर आहे. म्हणजे हॉटेलवाल्याने सिलेंडरवर भरलेले १८, जागेच्या भाड्यावर भरलेले १८, फ्रीजच्या दुरुस्तीचे १८ हे सगळं थाळीच्या भावात मुरवून वर पुन्हा ५. गिऱ्हाइकाला वाटतं पाचच टक्के दिले.

सरळरेषा | शनिवार, रात्री ११.०२

धागा वाचला. आकडे ठीक आहेत, सूर पटला नाही.

'लपलेला' म्हणजे काय? एमआरपी 'सर्व करांसह' छापायची हा ग्राहकाच्या सोयीचा नियम आहे. उद्या दुकानदार म्हणाला साबण ३४, वर कर वेगळा, तर तुम्हीच ओरडाल. शिवाय २०१७ आधी काय होतं ते आठवा. कारखान्यात एक्साइज, त्यावर व्हॅट, दुसऱ्या राज्यातून माल आला तर सीएसटी (केंद्रीय विक्रीकर), शहराच्या वेशीवर जकात, नंतर तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर). कराच्या उतरंडी लागल्या होत्या. १ जुलै २०१७ नंतर त्यातल्या बऱ्याच गेल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल १८ वरून ५ वर आलं. तूप, लोणी १२ वरून ५. पॅकबंद पनीर शून्य. याचा तुमच्या वहीत उल्लेख नाही.

आणि जी विडी कामगार बाई तुम्ही पुढे केलीत, तिला महिन्याला माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, लाडक्या बहिणीचे पंधराशे मिळतात. ते कुठून येतात? जमा बाजू न दाखवता नावेच दाखवली तर वही जुळत नाही. तुम्ही तर वह्या लिहिणारे.

कडक_भाकरी | रविवार, सकाळी ७.५०

सरळरेषा दादा, पंधराशेची आठवण रोज कुणीतरी करून देतं, ४५ रुपयांची कुणी देत नाही. हिशेबवही काकांचं म्हणणं तेवढंच आहे असं मला वाटतं.

आमचा बचत गट आहे, कडक भाकरी आणि शेंगाचटणी करतो. गड्ड्याच्या जत्रेत स्टॉल असतो, एरवी पुण्याला पार्सल जातं. आमची गंमत ऐका. २२ सप्टेंबरपासून चपाती, रोटी, पराठा आणि 'कोणत्याही नावाने ओळखली जाणारी' भारतीय भाकर-पोळी शून्य टक्क्यात गेली. म्हणजे आमची कडक भाकरी करमुक्त. गटातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी विचारलं, पीठ कुठलं? ज्वारीचं पीठ लेबल लावून पाकिटात घेतलं तर ५ टक्के आहेच, जुलै २०२२ पासून. सुटी ज्वारी घेऊन गिरणीत दळून आणली तर नाही. पंचवीस किलोपेक्षा मोठं पोतं घेतलं तरी नाही. त्यामुळेच बाजारात सव्वीस किलोची तांदळाची पोती दिसायला लागली होती, ती सव्वीस का, हे मला तेव्हा कळलं. ज्याच्याकडे पोत्याचे एकरकमी पैसे आहेत त्याला कर नाही, जो आठवड्याच्या पगारावर पाकीट आणतो त्याला आहे.

भाकरी कुरकुरीत राहायला पिशवी चांगली लागते, चिकटपट्टी लागते, खोका लागतो. कुरिअरवर १८ टक्के. आमची उलाढाल चाळीस लाखांच्या कितीतरी खाली, नोंदणी नाही. पुण्याची बाई पाकीट हातात घेऊन म्हणते, "भाकरीला टॅक्स नाही ना आता, मग स्वस्त का नाही केली?" तिला काय काय सांगू?

मालदांडी_राजा | रविवार, सकाळी ८.३५

ताई, तुमच्या पिठाच्याही मागं चला जरा. ज्वारी करमुक्त म्हणता, ती येते कशी? ट्रॅक्टरचं डिझेल, त्याच्यावर केंद्राचं शुल्क आणि राज्याचा व्हॅट. खत ५ टक्के. फवारणीचं रासायनिक औषध १८ टक्के, ते सप्टेंबरात बी उतरलं नाही. जैविक औषध आणि ठिबकचा सामान १२ वरून ५ झाला, ट्रॅक्टर बी ५ वर आला, ते चांगलं झालं, खोटं कशाला बोलू. पण शेतकऱ्याचा माल करमुक्त, म्हणून शेतकऱ्याला क्रेडिट नाही. कारखानदाराला आहे, आम्हाला नाही. आम्ही भरलेला कर आम्ही भावात घालू म्हणलं, तर भाव आमच्या हातात कुठं हाय? लिलावात जो बोलला तो. म्हणजे आमच्याकडं हा कर पुढं ढकलला पण जात नाही. आमच्याच खिशात राहतो.

डब्यातलं_तेल | रविवार, सकाळी ९.१०

गोडेतेलाचं कुणी का बोलत नाही? पिशवीवर ५ टक्के जीएसटी असं दुकानदार सांगतो. माझा मुलगा म्हणतो त्याच्याआधी बंदरावर वेगळा कर बसतो. खरं का?

ताळेबंद | रविवार, सकाळी ९.४४

खरं आहे, आणि छापील किमतीत मुरलेल्या करांत तो मोठ्यांपैकी एक. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोया, सूर्यफूल तेलावर मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. सेस आणि अधिभार धरून २७.५ टक्के. ३० मे २०२५ ला मूळ शुल्क १० वर आणलं, सगळं धरून १६.५. शुद्ध केलेल्या तेलावर मात्र ३५.७५ कायम.

आता आकडेमोड. शंभर रुपयांचं कच्चं तेल बंदरात उतरलं, ११६.५० झालं. शुद्धीकरण, पिशवी, वाहतूक, दुकानदाराचा नफा चढला आणि त्या सगळ्यावर ५ टक्के जीएसटी. व्यापाऱ्याला जीएसटीचं क्रेडिट मिळतं, आयात शुल्काचं नाही. ते १६.५० शेवटपर्यंत भावात राहतात आणि त्यांच्यावरही जीएसटी लागतो. पिशवीवर कुठेही 'आयात शुल्क' असा शब्द नसतो.

डब्यातलं_तेल | रविवार, सकाळी ९.५२

म्हणजे मी ५ समजत होते ते वीसच्या वर गेलं. काढून टाकायला पाहिजे हे शुल्क.

बार्शीकर_सोयाबीन | रविवार, सकाळी १०.३०

थांबा काकू. काढून टाका म्हणणं सोपं आहे. २०२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५३२८ रुपये होता. बार्शी-वैराग भागात किती जणांना तो मिळाला, विचारा. बहुतेकांनी त्याच्या बराच खाली विकलं, आणि ओल लागलेल्या मालाचं तर बोलायलाच नको. बाहेरचं तेल फुकटात आलं तर इथलं सोयाबीन कोण विचारतो? आयात शुल्क कमी झालं की आठ दिवसांत अडत्याच्या तोंडून 'मार्केट डाऊन आहे' ऐकायला येतं. तुमच्या कढईतले चार पैसे वाचतात ते माझ्या पोत्यातून जातात.

डब्यातलं_तेल | रविवार, सकाळी १०.४१

दादा, तुमच्या पोत्यात पडत असते तर मी आनंदाने दिले असते. माझ्या डब्यातले गेले आणि तुम्हाला हमीभावही मिळाला नाही, तर मग मधले गेले कुठे?

बार्शीकर_सोयाबीन | रविवार, सकाळी १०.४४

शुल्काचे पैसे सरकारी तिजोरीत. आमच्या नावाने लावलेलं, आमच्यापर्यंत आलेलं नाही. ह्याला माझ्याकडे उत्तर नाही काकू.

विमान_कधी | रविवार, सकाळी ११.००

एवढं तेल-पेट्रोल मोजण्यापेक्षा विमानाने मुंबईला जा, सुरू झालंय आता :)

संपादक मंडळ | रविवार, सकाळी ११.२०

पक्षांची नावं घेऊन केलेले चार प्रतिसाद उडवले आहेत. दर कुणी लावला यापेक्षा दर कुठे बसतो यावर बोला. विमानाचा धागा वेगळा आहे.

टर्किश_टॉवेल | रविवार, दुपारी १२.१५

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे माग आहेत, तीन पिढ्या टॉवेलमध्ये. थोडक्यात लिहितो, ऑर्डर भरायची आहे.

सुती सूत ५ टक्के, जॉबवर्क ५, टॉवेल विकताना ५. कागदावर सुरेख दिसतं. आता आतलं बघा. रंग आणि रसायनं १८, मागाचे सुटे भाग १८, मशीन १८. विक्रीवर ५ च गोळा होतात, त्यामुळे क्रेडिट तुंबतं. कच्च्या मालापुरता परतावा मागता येतो. मशीनवरच्या आणि सेवांवरच्या कराचा परतावा या वाटेने मिळत नाही. तुंबलेल्या पैशावर बँकेचं व्याज चालू, आणि ते व्याज टॉवेलच्या भावात. त्याशिवाय वीज आणि डिझेल जीएसटीच्या बाहेर. तिथे भरलेल्या एका पैशाचंही क्रेडिट नाही. पुण्याला ट्रक गेला की टोलनाके : सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस. १५ ऑगस्ट २०२५ पासून टोलचा तीन हजारांचा वार्षिक पास आला तो खासगी गाड्यांना, ट्रकला नाही.

गिऱ्हाइकाला टॉवेलवर ५ टक्के दिसतात. मी आमच्या एका साध्या टॉवेलचं कॉस्ट शीट उघडून बसलो, तर या ना त्या रूपात परत न मिळणाऱ्या कराच्या ओळी इतक्या निघाल्या की आमचा अकाउंटंट म्हणाला, मालक, हे बघून झोप लागणार नाही, बंद करा.

सरळरेषा | रविवार, दुपारी १.०५

टोल हा कर नाही, वापराचं शुल्क आहे. सगळंच करात ढकलू नका.

टर्किश_टॉवेल | रविवार, दुपारी १.२०

मान्य, टोल शुल्कच. पण पेट्रोल-डिझेलमध्ये 'रस्ते आणि पायाभूत सुविधा' नावाचा सेस आम्ही त्याच रस्त्यासाठी आधीच देतो ना? एकदा टाकी भरताना, एकदा नाक्यावर. दुसऱ्याला काय नाव द्यायचं ते तुम्ही ठरवा, टॉवेलच्या भावात दोन्ही आहेत.

पेन्शन_एक_तारखेला | रविवार, दुपारी ४.३०

ज्येष्ठांच्या दोन गोष्टी मांडतो.

पहिली, वीजबिल. कुणी पूर्ण वाचत नाही, मी भिंग घेऊन वाचतो. वीज आकार, स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि या सगळ्यांच्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. हे घरगुती ग्राहकाचं सांगतोय. म्हणजे कोळसा महागला म्हणून इंधन समायोजन वाढलं की शुल्कही आपोआप वाढतं, कुणी दर वाढवावा लागत नाही. हे लपलेलं म्हणता येणार नाही, छापलेलं आहे. पण बारीक अक्षरात छापलेलं आणि कुणी न वाचलेलं यात आणि लपलेल्यात फरक किती?

दुसरी, आरोग्य विमा. २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. वर्तमानपत्रात वाचून हरखलो. नूतनीकरणाची नोटीस आली तर मूळ हप्ताच वाढवलेला. एजंट म्हणतो, "काका, वय वाढलं ना." वय दरवर्षी वाढतं, नेमकं टॅक्स गेला त्याच वर्षी इतकं कसं वाढलं?

ताळेबंद | रविवार, सायंकाळी ५.१०

काका, तुमच्या प्रश्नातच या धाग्याचा गाभा आहे. आधी हे धरा : ११८ चे १०० झाले की हप्ता १८ नव्हे, सव्वापंधरा टक्क्यांनीच उतरायला हवा. पण तेवढाही उतरेलच असं नाही. विमा करमुक्त झाला, त्याबरोबर विमा कंपनीचं क्रेडिटही गेलं. कमिशन, ऑफिसचं भाडं, संगणक प्रणाली यांवर ती जो जीएसटी भरते तो आता तिला वजा करून मिळत नाही. तो खर्चात जातो आणि खर्च तुमच्या मूळ हप्त्यात. शून्य टक्के म्हणजे कर नाही असं नव्हे, कर दिसत नाही असं. तुमच्या बाबतीत वयाचा भाग किती आणि हा भाग किती, हे कंपनीच सांगू शकते; लेखी विचारा. आणि नोकरीतून मिळणाऱ्या गट विम्यावर १८ टक्के अजून आहेच.

कडक_भाकरी | रविवार, सायंकाळी ५.३५

मग दर कमी झाल्यावर दुकानात भाव उतरला नाही तर विचारायचं कुणाला? साबण स्वस्त झाला, ते दिसलं. बाकी काही वस्तूंवर जुन्या किमतीवर नवं स्टिकर, तेही नीट लागेना.

ताळेबंद | रविवार, सायंकाळी ६.०२

२०१७ पासून नफेखोरीविरुद्ध तक्रारीची वेगळी यंत्रणा होती. आधी स्वतंत्र प्राधिकरण, डिसेंबर २०२२ पासून स्पर्धा आयोगाकडे. १ एप्रिल २०२५ पासून त्यात नव्या तक्रारी घेणं बंद झालं आणि सप्टेंबरात दरकपात आली. क्रम लक्षात घ्या. आता राहतो तो राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५. तिथे तक्रार नोंदवली जाते, पण ते नफा तपासणारं न्यायासन नाही.

हिशेबवही | रविवार, रात्री ८.२०

सरळरेषा, तुमच्या जमा बाजूला उत्तर द्यायचं राहिलं होतं.

जीएसटीने उतरंड मोडली हे खरंच आहे. पण ती मोडली व्यापाऱ्यासाठी, आणि ती मोडल्याचा फायदा गिऱ्हाइकापर्यंत येईल याची सोय कुठेच पक्की नव्हती. १ ऑगस्ट २०१५ ला पन्नास कोटींखालच्या व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला. तेव्हा मी ज्यांच्या वह्या लिहीत होतो त्यांच्यापैकी कुणीही दुसऱ्या दिवशी भावफलक बदलला नाही.

फुकट धान्य, पंधराशे रुपये, मान्य. मीही म्हणत नाही की कर नको. माझं म्हणणं आहे की विडी कामगार बाईला 'लाभार्थी' म्हणताना तिने काय भरलं तेही त्याच कागदावर यावं. तिच्या रिचार्जमधले ४५ आले, पिठाच्या पाकिटातले आले, तेलाच्या पिशवीतलं आयात शुल्क आलं, रिक्षाच्या इंधनातलं आलं. श्रीमंत जेवढं कमावतो त्यातलं पुष्कळ तो शिल्लक टाकतो, त्यावर जीएसटी लागत नाही. ती सगळं खर्च करते, त्यामुळे तिच्या जवळजवळ सगळ्या कमाईला कुठे ना कुठे कर चाटून जातो. देशभरात २०२४-२५ मध्ये जीएसटीची एकूण जमा २२ लाख कोटींच्या वर गेली. त्यात तिचं नाव कुठल्याच रकान्यात नाही.

सरळरेषा | रविवार, रात्री ८.५०

हे मी नाकारत नाही. पण मग उपाय काय? पेट्रोल जीएसटीत आणा म्हणाल तर राज्याचं उत्पन्न जातं आणि पालिकेच्या अनुदानापासून एसटीपर्यंत सगळ्याला कात्री लागते. प्रत्येक पाकिटावर कराचा आकडा वेगळा छापायचा म्हटलं तर आयात शुल्क, डिझेल, वीज यांचा हिस्सा कुणालाच नेमका काढता येणार नाही. टॉवेलवाल्यांचा अकाउंटंट झोपेचं बोलतोय तो यामुळेच.

टर्किश_टॉवेल | रविवार, रात्री ९.०५

निदान जीएसटीचा आकडा तरी एमआरपीखाली छापता येईल. तो नेमका असतो. लेबलावर जागा आहे, आम्ही छापू. कुणी सांगितलेलं नाही म्हणून छापत नाही, हे खरं.

कट_चहा | रविवार, रात्री ९.३०

आन् पाण्याचं काय ओ मालक? उजनी भरून वाहतंय, नळाला चार-पाच दिवसाआड पाणी. पाणीपट्टी वर्षाची पुरी. गाड्यावर रोज जार विकत घेतो. म्हंजे पाण्याचं पैसं दोनदा. सरळरेषा सायेब म्हणत्यात कराच्या बदल्यात काय मिळतं ते बगा. बघितलं की, जार मिळतो, विकत.

पेन्शन_एक_तारखेला | रविवार, रात्री ९.५०

कट_चहा, जिंकलात. मिठावर मात्र जीएसटी शून्य आहे, १९३० ला या शहराने ज्या चळवळीपायी मार्शल लॉ (लष्करी कायदा) सोसला तिची सुरुवात मिठावरच्या कराने झाली होती, तेवढं तरी पाळलंय.

नवी_पेठ_गिऱ्हाईक | सोमवार, सकाळी १०.१०

मध्येच घुसतो, माफी. कालच एका दुकानात मिक्सर घेतला. खोक्यावर एमआरपी छापलेली, दुकानदाराने 'एमआरपी प्लस जीएसटी' म्हणून वर १८ टक्के लावले. बिलाच्या डोक्यावर जीएसटी नंबर आहे आणि खाली बारीक 'कंपोझिशन' असं काहीतरी छापलंय. हे चालतं का?

ताळेबंद | सोमवार, सकाळी १०.३५

दोन्ही चालत नाही. एमआरपी सर्व करांसह असते, वर एक रुपयाही घेता येत नाही. ही तक्रार वैधमापन शास्त्र कार्यालयाकडे आणि १९१५ वर. दुसरं, तो कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची सोपी करयोजना) असेल तर गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेण्याचा त्याला अधिकारच नाही. तो स्वतःच्या उलाढालीवर एक टक्का भरतो, तोही स्वतःच्या खिशातून. त्याने टॅक्स इनव्हॉइस नाही, 'बिल ऑफ सप्लाय' द्यायचं आणि दुकानात तशी पाटी दिसेल अशी लावायची. जीएसटीच्या संकेतस्थळावर 'करदाता शोधा' मध्ये तो नंबर टाका, तिथे रेग्युलर की कंपोझिशन ते लगेच दिसतं. कंपोझिशन निघालं तर तुमच्याकडून घेतलेले १८ टक्के सरकारकडे गेलेलेच नाहीत.

खोका फेकू नका, एमआरपीच्या बाजूचा फोटो काढून ठेवा. बिलाचा फोटो इथे टाकणार असाल तर दुकानाचं नाव आणि नंबर झाकून टाका.

नवी_पेठ_गिऱ्हाईक | सोमवार, सकाळी १०.५२

नंबर टाकून बघितला. कंपोझिशनच. खोका माळ्यावर आहे, काढतो.